ऑलिम्पिक कुस्ती : निकालाचे नियम आणि त्यांचा इतिहास

स्वरूप

कुस्ती हा शस्त्राविना आणि प्रहाराविना, केवळ पकड, तोल आणि डाव यांच्या बळावर प्रतिस्पर्ध्याला पाठीवर पाडण्याचा द्वंद्वखेळ आहे. शर्यतीला अंतिम रेषा असते, भालाफेकीला मोजता येणारे अंतर असते. कुस्तीला असा आपोआप येणारा शेवट नाही. दोन तुल्यबळ मल्ल एकमेकांना कितीही वेळ थोपवून धरू शकतात. त्यामुळे लढत कधी संपली आणि कोण जिंकला हे ठरवण्यासाठी हा खेळ नियमांवर फार अवलंबून असतो. वेळ, वजन आणि गुण ही त्या नियमांची तीन मुख्य अंगे. प्रत्येक अंग एखादी अडचण सोडवण्यासाठी पुढे आले आणि प्रत्येकाने नवी अडचणही निर्माण केली.

प्राचीन ग्रीसमधील कुस्ती

ऑलिम्पियातील स्पर्धांचा परंपरेने मानलेला आरंभ इ. स. पूर्व ७७६ चा आहे. इ. स. पूर्व ७०८ मध्ये कुस्तीचा समावेश झाला. ती स्वतंत्र स्पर्धाही होती आणि पाच खेळांच्या संयुक्त स्पर्धेतील अखेरचा भागही. प्रतिस्पर्ध्याला तीन वेळा पाडणारा मल्ल विजयी ठरे. वेळेची मर्यादा नव्हती, वजनगटही नव्हते. साहजिकच धिप्पाड मल्लांचे वर्चस्व असे. दक्षिण इटलीतील क्रोटोन या ग्रीक नगराचा मिलो हा त्या काळचा सर्वांत ख्यातनाम मल्ल. ऑलिम्पियात त्याने कुमार गटात एकदा आणि प्रौढ गटात पाच वेळा विजय मिळवला. कुस्तीचा सराव ‘पॅलेस्ट्रा’ नावाच्या खास वास्तूंत होई. ग्रीक नगरांत या वास्तू शिक्षणव्यवस्थेचा भाग होत्या, म्हणून कुस्ती केवळ सणासुदीचे मनोरंजन न राहता नागरिकाच्या जडणघडणीशी जोडली गेली.

आधुनिक पुनरारंभ

१८९६ मध्ये अथेन्स येथे आधुनिक ऑलिम्पिक सुरू झाले तेव्हा कुस्तीची एकच स्पर्धा होती आणि तीत पाच मल्ल उतरले होते. वजनगट नव्हते. जर्मनीचा कार्ल शूमान हा मुळात जिम्नॅस्ट. त्याने पहिल्याच लढतीत ब्रिटनच्या लॉन्सेस्टन इलियट या भारोत्तोलन विजेत्याला हरवले. ग्रीसच्या जॉर्जिओस त्सितासविरुद्धची अंतिम लढत अंधार पडल्यामुळे थांबवावी लागली आणि दुसऱ्या दिवशी पूर्ण झाली. तीत शूमान जिंकला. १९०० च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये कुस्ती नव्हती. १९०४ मध्ये अमेरिकेतील सेंट लुईस येथे ती परतली, तेव्हा सात वजनगट ठेवण्यात आले. मात्र सहभागी झालेले सर्व मल्ल अमेरिकेतूनच उतरले होते. विविध देशांच्या मल्लांना एका नियमावलीखाली आणणे हे पुढील काळातील काम होते.

दोन शैली

ऑलिम्पिक कुस्तीच्या दोन शैली आहेत. ग्रीको-रोमन शैलीत कमरेखाली पकड घेण्यास किंवा पायांचा वापर करून डाव टाकण्यास मनाई असते. त्यामुळे छातीला छाती भिडवून उचलणे आणि मागे फेकणे यांवर भर राहतो. नावात ग्रीस आणि रोम असले तरी ही शैली एकोणिसाव्या शतकातील फ्रान्समध्ये आकाराला आली. फ्रीस्टाइल म्हणजे मुक्त शैलीत पाय पकडता येतात. पट काढणे, म्हणजे पाय पकडून पाडणे, हा तिचा मुख्य आधार. तिचे मूळ इंग्लंडमधील लँकेशर भागातील लोककुस्तीत आहे. भारतीय मातीतील कुस्तीतही पायांवरचे डाव मध्यवर्ती असल्याने भारतीय मल्लांना मुक्त शैली जवळची वाटते. भारताची कुस्तीतील सर्व ऑलिम्पिक पदके याच शैलीतील आहेत.

वेळेचे बंधन

वेळेची मर्यादा का लागते, हे १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिम्पिकने दाखवून दिले. मध्यम वजनगटातील उपांत्य लढतीत रशियाकडून खेळणारा एस्तोनियाचा मार्टिन क्लाइन आणि फिनलंडचा आल्फ्रेड आसिकाइनेन तब्बल ११ तास ४० मिनिटे झुंजले. क्लाइन जिंकला, परंतु इतका थकला की तो अंतिम लढतीसाठी उतरूच शकला नाही आणि सुवर्णपदक स्वीडनच्या क्लास योहान्सनला मिळाले. त्याच स्पर्धेत आणखी एका गटाची अंतिम लढत नऊ तासांनंतरही निकाली निघाली नाही. दोघांनाही रौप्यपदक देण्यात आले आणि सुवर्णपदक कोणालाच मिळाले नाही. पुढील दशकांत लढतीचा अवधी टप्प्याटप्प्याने कमी होत गेला. आज तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या आणि मध्ये ३० सेकंदांची विश्रांती अशी रचना आहे. वेळ निश्चित झाल्यावर मात्र पुढचा प्रश्न उभा राहिला : सहा मिनिटांत कोणीच चितपट झाला नाही, तर विजेता कसा ठरवायचा?

गुणांकन

या प्रश्नाचे उत्तर म्हणजे गुण. प्रतिस्पर्ध्याला खाली घेऊन त्याच्यावर मागून ताबा मिळवला की २ गुण. त्याची पाठ गादीकडे, म्हणजे मॅटकडे, धोकादायक कोनात वळवली की २ गुण. उभ्या स्थितीतून थेट पाठीवर आणणाऱ्या फेकीला ४, तर हवेत मोठा झोका देऊन केलेल्या फेकीला ५ गुण. खालच्या मल्लाने पकड सोडवून उलट वर ताबा मिळवला, किंवा प्रतिस्पर्ध्याला वर्तुळाबाहेर रेटले, तर १ गुण. दोन्ही खांदे गादीला टेकवून धरल्यास लढत तिथेच संपते. त्या वेळचे गुण कितीही असोत. मुक्त शैलीत १० आणि ग्रीको-रोमनमध्ये ८ गुणांची आघाडी मिळाल्यासही लढत थांबवून तांत्रिक श्रेष्ठतेवर विजय दिला जातो. मुक्त शैलीत बचावात वेळ काढणाऱ्या मल्लाला आधी ताकीद मिळते. पुन्हा तसेच केल्यास त्याच्यावर ३० सेकंदांचे घड्याळ सुरू होते आणि तेवढ्यात गुण न मिळवल्यास प्रतिस्पर्ध्याला १ गुण जातो. गुण समान राहिले तर एका डावात अधिक मोठे गुण मिळवणारा मल्ल वरचढ मानला जातो; तेही समान असल्यास कमी ताकिदी आणि त्यानंतर शेवटचा गुण कोणाचा, हे पाहिले जाते. बरोबरीला वाव ठेवलेला नाही.

नियम प्रत्यक्षात

२०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये ५८ किलो गटात भारताची साक्षी मलिक आणि किर्गिझस्तानची आयसुलू तिनिबेकोवा यांच्यात झालेली कांस्यपदकाची लढत हे गुणांकन समजण्यास उपयुक्त उदाहरण आहे. पहिल्या फेरीअखेर साक्षी ०-५ अशी मागे होती. दुसऱ्या फेरीत तिने पायांवर सातत्याने चढाई करत ५-५ अशी बरोबरी साधली आणि अखेरच्या क्षणांत आणखी २ गुण मिळवले. तिनिबेकोवाच्या प्रशिक्षकांनी निर्णयाला आव्हान दिले. चित्रफितीच्या तपासणीत ते फेटाळले गेले. फेटाळलेल्या आव्हानाचा १ गुण प्रतिस्पर्ध्याला मिळतो, म्हणून अंतिम गुणफलक ८-५ असा झाला. आठवा गुण गादीबाहेर, पंचांच्या मेजावर मिळाला.

वजनगट

समान वजनाच्या मल्लांतच कौशल्याची खरी तुलना होते, या तत्त्वावर वजनगट उभे आहेत. २०१६ पासून ऑलिम्पिकमध्ये पुरुषांची मुक्त शैली, ग्रीको-रोमन आणि महिलांची मुक्त शैली यांत प्रत्येकी सहा, असे एकूण १८ गट आहेत. पॅरिस २०२४ मध्ये पुरुषांच्या मुक्त शैलीत ५७, ६५, ७४, ८६, ९७ व १२५ किलो, तर महिलांमध्ये ५०, ५३, ५७, ६२, ६८ व ७६ किलो हे गट होते. जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत मात्र प्रत्येक विभागात दहा गट असतात. ऑलिम्पिकमधील एकूण खेळाडूंच्या संख्येवर मर्यादा असल्याने तेथे गट कमी ठेवले जातात. या तफावतीचा परिणाम मल्लांच्या कारकिर्दीवर होतो. बीड जिल्ह्यातील राहुल आवारे याने २०१९ च्या जागतिक स्पर्धेत ६१ किलो गटात कांस्यपदक जिंकले. हा गट ऑलिम्पिकमध्ये नाही. अशा मल्लापुढे चार किलो उतरून ५७ मध्ये किंवा चार किलो चढून ६५ मध्ये जाणे हेच दोन मार्ग उरतात.

रेपेशाज

बाद पद्धतीत सोडत प्रतिकूल निघाली, तर एखादा बलाढ्य मल्ल पहिल्याच फेरीत भावी विजेत्याशी गाठ पडून बाहेर जाऊ शकतो. हा दोष कमी करण्यासाठी रेपेशाजची व्यवस्था आहे. अंतिम फेरी गाठणाऱ्या दोन मल्लांकडून आधी हरलेल्यांना पुन्हा संधी मिळते आणि त्यांच्यातून दोन कांस्यपदके दिली जातात. दोन कांस्यपदकांची पद्धत २००८ च्या बीजिंग ऑलिम्पिकपासून लागू आहे. त्याच वर्षी भारताचा सुशील कुमार पहिल्याच लढतीत हरला. परंतु त्याला हरवणारा युक्रेनचा आंद्री स्तादनिक अंतिम फेरीत पोहोचल्याने सुशीलला रेपेशाजमध्ये प्रवेश मिळाला आणि तिथून त्याने कांस्यपदक मिळवले. २०१२ मध्ये योगेश्वर दत्त आणि २०१६ मध्ये साक्षी मलिक यांची पदकेही याच मार्गाने आली. या पद्धतीचा तोटा असा की, मल्लाचे भवितव्य त्याला हरवणाऱ्याच्या पुढील कामगिरीवर अवलंबून राहते.

माती आणि गादी

स्टॉकहोममध्ये क्लाइन आणि आसिकाइनेन झुंजत होते, त्याच १९१२ साली राजर्षी शाहू महाराजांनी उभारलेले कोल्हापूरचे खासबाग मैदान कुस्तीसाठी सिद्ध झाले. तेथील कुस्तीचे तर्कशास्त्र वेगळे होते. तेल, ताक, हळद अशा पदार्थांनी कमावलेल्या तांबड्या मातीच्या हौद्यात, लांग कसलेल्या अनवाणी मल्लांमध्ये ती चालते. चितपट हाच खरा विजय. तशी कुस्ती ‘निकाली’ म्हणवते आणि निकाल न लागल्यास जोड बरोबरीत सोडवली जाते. खाली गेलेला मल्ल पोटावर घट्ट पडून राहिला, तर वरच्याला घिस्सा किंवा मोळी अशा डावांसाठी भरपूर वेळ मिळतो. खालच्यालाही दम घेता येतो. मॅटवर, म्हणजे महाराष्ट्रातील तालमींच्या भाषेत गादीवर, हा सगळा हिशेब बदलतो. नऊ मीटर व्यासाच्या वर्तुळात बूट घालून लढावे लागते, पोशाख धरण्यास मनाई असते आणि खाली काही घडत नसेल तर पंच मल्लांना लगेच उभे करतो. मातीत दमसास आणि ताकद यांना प्राधान्य, तर गादीवर वेग आणि सतत गुण मिळवत राहण्याला. महाराष्ट्र केसरी स्पर्धेत माती आणि गादी असे दोन विभाग ठेवून त्यांच्या विजेत्यांत अंतिम लढत घेतली जाते. दोन्ही परंपरा सांभाळण्याचा हा तोडगा आहे.

भारताचा प्रवेश आणि खाशाबा जाधव

भारताच्या ऑलिम्पिक सहभागाची पायाभरणी पुण्यात झाली. डेक्कन जिमखान्याच्या स्पर्धा पाहून सर दोराबजी टाटा यांनी १९२० च्या अँटवर्प ऑलिम्पिकसाठी पथक पाठवण्यास पुढाकार घेतला. त्या पथकात कुमार नवले आणि रणधीर शिंदे हे दोन मल्ल होते. पदक येण्यास मात्र आणखी ३२ वर्षे लागली. सातारा जिल्ह्यातील कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९४८ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये सहावे आले. मातीत घडलेल्या या मल्लाला गादीवरील कुस्तीचा आणि आंतरराष्ट्रीय नियमांचा पुरता परिचय तेथे झाला. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकला जाण्यासाठी पैसे नव्हते. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले. हेलसिंकीत ५७ किलो गटात खाशाबांनी कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीच्या मल्लांना हरवून कांस्यपदक मिळवले. सुवर्ण जपानच्या शोहाची इशीईला, तर रौप्य सोव्हिएत संघाच्या रशीद मम्मदबेयोव्हला मिळाले. स्वतंत्र भारताचे हे पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. कराडला त्यांची मिरवणूक शंभराहून अधिक बैलगाड्यांनी निघाली. पुढे ते पोलीस दलात दाखल झाले. १९८४ मध्ये अपघाती निधन झाल्यानंतर बऱ्याच वर्षांनी त्यांना मरणोत्तर अर्जुन पुरस्कार देण्यात आला.

५६ वर्षांची पोकळी

खाशाबांच्या पदकानंतर कुस्तीतील पुढचे ऑलिम्पिक पदक थेट २००८ मध्ये आले. या काळात गुणी मल्ल नव्हते असे नाही. १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत सांगली जिल्ह्यातील मारुती माने आणि गणपतराव आंदळकर या दोघांनीही प्रत्येकी एक सुवर्ण आणि एक रौप्य पटकावले होते. परंतु भारतातील कुस्तीची अर्थव्यवस्था मातीशी बांधलेली होती. यात्रा-जत्रांची मैदाने, इनामाच्या कुस्त्या, हिंद केसरी आणि महाराष्ट्र केसरी यांची प्रतिष्ठा ही मल्लाच्या उपजीविकेची साधने होती, आणि ती चितपट करणाऱ्या भारदस्त मल्लाला मिळत. हलक्या वजनाच्या, गुणांवर जिंकणाऱ्या मल्लाला तेथे तुलनेने कमी स्थान होते. गादी महाग होती आणि ग्रामीण तालमींत क्वचितच दिसे. दिल्लीतील छत्रसाल स्टेडियम आणि हरियाणातील आखाड्यांनी गादीवरील सराव लहान वयापासून रुजवला, त्यानंतर चित्र पालटले. २००८ ते २०२४ या काळातील प्रत्येक ऑलिम्पिकमध्ये भारताला कुस्तीत किमान एक पदक मिळाले. खाशाबांचे धरून ही संख्या आठ होते. हॉकीखालोखाल हा भारताचा सर्वांत यशस्वी ऑलिम्पिक खेळ आहे.

राष्ट्र आणि परंपरा

कुस्तीत पुढे असलेल्या बहुतेक देशांत ऑलिम्पिकच्या आधीपासून एखादी स्थानिक कुस्ती नांदत होती. तुर्कस्तानात एदिर्ने येथे अंगाला तेल माखून किर्कपिनारची कुस्ती होते. इराणमध्ये जोरखाना नावाच्या पारंपरिक व्यायामशाळांत मुद्गलांसह व्यायाम चालतो. या दोन्ही परंपरा २०१० मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत आल्या. मंगोलियात नादाम उत्सव कुस्तीविना होत नाही, तर दागेस्तान आणि ओसेतिया या कॉकेशसमधील छोट्या प्रदेशांनी आधी सोव्हिएत संघाला, नंतर अनेक देशांना विजेते पुरवले. अशा समाजांत ऑलिम्पिक विजेता हा लोकनायक ठरतो. इराणचा गुलामरेझा तख्ती १९५६ मध्ये सुवर्णपदक विजेता होता, पण तो स्मरणात राहिला तो साधेपणा आणि औदार्य यांमुळे. १९७९ च्या क्रांतीनंतर इराणला जाणारे पहिले अमेरिकी क्रीडापथक कुस्तीचेच होते. ते १९९८ मध्ये तख्तीच्या नावाच्या स्पर्धेसाठी तेहरानला गेले होते.

महिलांची कुस्ती

महिलांची पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा १९८७ मध्ये नॉर्वेत झाली; ऑलिम्पिकची दारे मात्र २००४ मध्ये अथेन्स येथे उघडली, तीही चार वजनगटांपुरती. २०१६ मध्ये गटांची संख्या सहा झाली. येथे जुन्या परंपरेचे भांडवल कोणाकडेच नव्हते. ज्या देशांनी लवकर प्रशिक्षणयंत्रणा उभारली ते पुढे गेले. जपान त्यांत अग्रणी. काओरी इचो हिने २००४ ते २०१६ या काळात सलग चार सुवर्णपदके जिंकली.

२०१३ चे संकट

फेब्रुवारी २०१३ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीच्या कार्यकारी मंडळाने २०२० च्या ऑलिम्पिकच्या मुख्य खेळांतून कुस्ती वगळण्याची शिफारस केली. खेळ प्रेक्षकांना समजत नाही, हा प्रमुख आक्षेपांपैकी एक होता आणि त्यात तथ्य होते. तेव्हा तीनपैकी दोन फेऱ्या जिंकणारा मल्ल विजयी ठरे, त्यामुळे एकूण गुण अधिक असूनही मल्ल हरू शकत होता. मुक्त शैलीत एखादी फेरी गुणाविना संपली, तर पिशवीतून रंगीत चेंडू काढून पायाची पकड कोणाला द्यायची हे ठरे, आणि ती पकड मिळालेला मल्लच बहुधा फेरी जिंके. शिफारशीनंतर जागतिक संघटनेचे अध्यक्ष पायउतार झाले, दोन्ही फेऱ्यांचे गुण एकत्र मोजण्याची पद्धत आली, चेंडू हद्दपार झाला. सप्टेंबर २०१३ मध्ये ब्यूनस आयर्स येथे झालेल्या मतदानात कुस्तीला ४९ मते मिळून तिचे स्थान टिकले. पुढच्या वर्षी संघटनेनेही आपले नाव बदलून ‘युनायटेड वर्ल्ड रेसलिंग’ असे केले.

मर्यादा

संघटनेचे नियम मल्लाला जसे व्यासपीठ देतात, तसे ते काढूनही घेऊ शकतात. राष्ट्रीय महासंघाच्या निवडणुका वेळेवर न झाल्याने ऑगस्ट २०२३ मध्ये भारतीय महासंघ निलंबित झाला आणि त्यानंतरच्या बेलग्रेड येथील जागतिक स्पर्धेत भारतीय मल्लांना राष्ट्रध्वजाविना लढावे लागले. अंतिम पंघालने तेथे कांस्यपदक जिंकले ते अशा स्थितीत. दुसरी मर्यादा वजनगटांतच दडलेली आहे. कमी वजनाच्या गटात ताकदीचा लाभ मिळावा म्हणून मल्ल स्पर्धेपूर्वी शरीरातील पाणी घटवतात. १९९७ मध्ये अमेरिकेत काही आठवड्यांच्या अंतराने तीन महाविद्यालयीन मल्ल या प्रयत्नात दगावले. या प्रथेला आळा घालण्याच्या हेतूने आता स्पर्धेच्या दोन्ही दिवशी सकाळी वजन केले जाते.

पॅरिस २०२४ मध्ये याच नियमाने भारताच्या विनेश फोगाटची वाट अडवली. ५० किलो गटात तिने पहिल्याच लढतीत गतविजेत्या युई सुसाकीला हरवले. सुसाकीचा आंतरराष्ट्रीय स्पर्धांतील तो पहिला पराभव होता. विनेश अंतिम फेरीत पोहोचली, परंतु दुसऱ्या दिवशी सकाळी तिचे वजन सुमारे १०० ग्रॅम अधिक भरले आणि ती अपात्र ठरली. तिच्या जागी उपांत्य फेरीत तिच्याकडूनच हरलेली क्यूबाची मल्ल अंतिम फेरीत गेली, तर सुसाकीला रेपेशाजमधून कांस्यपदक मिळाले. क्रीडा लवादाने विनेशचे अपील फेटाळले. आदल्या दिवशी गादीवर जिंकलेल्या तिच्या तिन्ही लढतींनी इतरांची पदके ठरवली. स्वतः तिची नोंद नियमानुसार शेवटच्या क्रमांकावर झाली.